पडद्यावरून रुळांवर

१९९७च्या डिसेंबरात फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये, मॅजिक किंगडम या पार्कात, हिरवे टी-शर्ट घातलेले लोक एका राइडपाशी जमू लागले. राइडचं नाव ‘मिस्टर टोड्स वाइल्ड राइड’. ती काढून तिथे ‘विनी द पू’ या मधवेड्या अस्वलाची राइड बांधणार, अशी बातमी फुटली होती. मिकी मिस्टर टोडला का मारतोय ते मला विचारा, अशा अर्थाची ओळ त्या शर्टांवर छापलेली होती. धक्काबुक्की नाही, तोडफोड नाही; रीतसर तिकीट काढून आत यायचं, रांगेत उभं राहायचं आणि पुन्हा पुन्हा त्याच गाडीत बसायचं, एवढंच आंदोलन. ‘टोड-इन’ हे नाव त्याला चिकटलं. डिस्नेने ऐकलं नाही. ७ सप्टेंबर १९९८ला टोडची गाडी शेवटची धावली आणि पुढच्या वर्षी पू तिथे मुक्कामाला आला.

लोकप्रिय ॲनिमेशनपटांवर राइड बांधाव्यात का, बांधल्या तर कुठे आणि त्यासाठी काय पाडावं, हा वाद थीम पार्कांच्या चाहत्यांमध्ये तेव्हापासून धुमसतोच आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तो पोरकट वाटू शकतो. पण ज्या जागी माणसं आपल्या मुलांना घेऊन जातात, आणि ती मुलं मोठी होऊन पुढे आपल्या मुलांना नेतात, त्या जागेचं काय होतंय याबद्दल कुणी जीव तोडून बोलत असेल तर ते ऐकायला हवं. एकीकडे अस्सल कल्पना आणि दुसरीकडे चित्रपटाची जाहिरात, अशी या वादाची सोपी मांडणी नेहमी केली जाते. टोडच्या प्रकरणातच ती टिकत नाही. टोड स्वतःच चित्रपटातून आला होता. केनेथ ग्रॅहम यांच्या कादंबरीवर डिस्नेने १९४९ साली काढलेल्या ॲनिमेशनपटातलं ते पात्र. म्हणजे चाहते एका ॲनिमेशनपटाची राइड दुसऱ्या ॲनिमेशनपटापासून वाचवू पाहत होते.

मग त्यांना वाचवायचं होतं ते काय? फ्लोरिडातल्या त्या राइडला दोन रूळ होते आणि दोन्हींवरची दृश्यं वेगवेगळी. जुन्या घाटाच्या लहानशा मोटारीत बसायचं. मोटार दारं उघडत, भिंतींवर आदळता आदळता वाचत, बेफाम धावायची. शेवटी अंधारात समोरून आगगाडीचा दिवा अंगावर यायचा, टक्कर व्हायची, आणि पुढच्या क्षणी तुम्ही थेट नरकात. लालभडक उजेड, आजूबाजूला खिदळणारे बारके सैतान. तिथून दार उघडलं की बाहेर, राइड संपली. ना उपदेश, ना सुखान्त. हा नरक चित्रपटात कुठेच नाही. टोड बेफिकीर आहे, एवढा एकच धागा कारागिरांनी चित्रपटातून उचलला आणि ती बेफिकिरी कुठवर नेते हे स्वतःच्या हिमतीवर ठरवलं. चाहत्यांचा जीव अडकला होता तो या मोकळिकीत.

माझं मत याच बाजूला झुकतं. राइड चित्रपटावर बेतली आहे की नाही, यावर तिचं बरंवाईट ठरत नाही. चित्रपटाने त्या जागेत काय भर घातली आणि गाडीत बसलेल्या माणसाला तिथे काय अनुभवायला मिळालं, यावर ते ठरतं.

हे प्रश्न अगदी पहिल्या दिवसापासूनचे आहेत. १७ जुलै १९५५ला कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइममध्ये डिस्नेलँड सुरू झालं तेव्हाच फँटसीलँड या भागात स्नो व्हाइट, पीटर पॅन आणि टोड हे तिघेही राइडच्या रूपात आले होते. त्या राइड रचणाऱ्यांनी ठरवलं होतं, की बसणारा हाच नायक. त्यामुळे स्नो व्हाइटच्या राइडमध्ये स्नो व्हाइटच नव्हती. जंगलात भेदरून पळणारी ती म्हणजे तुम्ही, आणि चेटकीण विषारी सफरचंद पुढे करायची ते तुमच्यासमोर. कल्पना धीट होती, पण लोकांना ती उमगेना. राइडभर स्नो व्हाइट दिसलीच नाही, अशी तक्रार वर्षानुवर्षं येत राहिली. अखेर १९८३ साली फँटसीलँड नव्याने बांधताना तिची मूर्ती आत बसवली गेली. लोकांचं समाधान झालं खरं, पण बसणारा नायकाच्या जागेवरून उठून प्रेक्षकाच्या जागेवर गेला. पुढच्या कित्येक राइडचं दुखणं इथून सुरू होतं.

मूळ कल्पनेच्या ज्या राइडची नावं चाहते आज आदराने घेतात, त्या साठच्या दशकातल्या. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ १९६७ची, ‘हाँटेड मॅन्शन’ १९६९ची. त्यांच्या घडणीत मार्क डेव्हिस यांचा मोठा हात होता, आणि हे डेव्हिस म्हणजे मॅलेफिसंट आणि क्रुएला या खलनायिका पडद्यावर जिवंत करणारे डिस्नेचे ॲनिमेटर. चित्रपटाचा माणूस पार्कात आला आणि त्याने चित्रपट बाहेर ठेवला. राइडमधला माणूस एका प्रसंगासमोर जेमतेम काही सेकंद असतो, तेवढ्यात कथानक सांगता येत नाही, एक चित्र मात्र मनावर उमटवता येतं, हे त्यांनी ओळखलं होतं. तुरुंगातले चाचे किल्ल्या तोंडात धरलेल्या कुत्र्याला हाड दाखवून बोलावताहेत, या दृश्याला आगापिछा काहीच लागत नाही. १९८२ साली फ्लोरिडात एपकॉट हे पार्क उघडलं तेव्हा तर डिस्नेची पात्रं तिथून जाणीवपूर्वक लांब ठेवली होती. विज्ञान, शेती, समुद्र, दळणवळण आणि तळ्याकाठी मांडलेले देश, एवढाच तिथला विषय.

फ्लोरिडातल्या डिस्ने पार्कांमध्ये चित्रपटाचा आधार न घेता बांधलेली शेवटची मोठी राइड म्हणून चाहते २००६च्या ‘एक्सपिडिशन एव्हरेस्ट’कडे बोट दाखवतात. हिमालयातला डोंगर, चहाच्या मळ्यांची जुनी आगगाडी आणि आत दबा धरून बसलेला यती. यतीच्या त्या प्रचंड यंत्राची हालचाल उद्घाटनानंतर थोड्याच काळात बंद पडली आणि तेव्हापासून लुकलुकत्या दिव्यांनी वेळ मारून नेली जाते. तरीही लोकांचं त्या राइडवर प्रेम आहे. त्यानंतर मात्र ‘टॉय स्टोरी’, ‘लिटल मरमेड’, सात बुटके, ‘फ्रोझन’, ‘अवतार’, ‘स्टार वॉर्स’, ‘रॅटटूई’, ‘मोआना’, ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ अशी रांगच लागली. चाहत्यांच्या बोलण्यात याला ‘आयपी’ म्हणतात, म्हणजे कंपनीच्या मालकीची, लोकांच्या आधीच ओळखीची झालेली पात्रं आणि कथा.

कंपनी असं का करते, हे समजायला अवघड नाही. मोठी राइड उभी राहायला चार-पाच वर्षं आणि कोट्यवधी डॉलर लागतात. एवढा पैसा गुंतवताना लोकांनी आधीच डोक्यावर घेतलेली गोष्ट हाताशी असली की जोखीम कमी होते. शिवाय राइडमधून बाहेर पडलं की समोर दुकान असतं, आणि ‘फ्रोझन’मधल्या एल्साचा निळा झगा यतीच्या टोपीपेक्षा कितीतरी जास्त खपतो. २०२३ साली डिस्नेने पार्क आणि जहाजांवर दहा वर्षांत सुमारे ६० अब्ज डॉलर गुंतवण्याचं जाहीर केलं. एवढी रक्कम अनोळखी कल्पनांवर लावायला कुठलंही संचालक मंडळ सहजी तयार होणार नाही.

दुसरं कारण पाहुण्यांचं आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वार्षिक पास काढून महिन्यातून दोनदा जाणारा चाहता आणि आयुष्यात एकदाच जाणारं कुटुंब, या दोघांचं पार्क एकच नसतं. न्यू जर्सीतल्या मुलीकडे आलेले पुण्याचे आजी-आजोबा नातवंडांसह ऑर्लँडोला जातात, तेव्हा त्या नातीला ‘फ्रोझन’ तोंडपाठ असतो. एपकॉटमध्ये ‘फ्रोझन’च्या जागी आधी १९८८ची नॉर्वेची होडी होती की नव्हती, याच्याशी तिला काहीही कर्तव्य नसतं. तिचा आनंद खोटा किंवा हलका म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. चाहत्यांमधले जे लोक तसं म्हणतात, ते स्वतःचीच बाजू कमजोर करतात.

त्या नॉर्वेच्या होडीचं प्रकरण मात्र नीट पाहण्यासारखं आहे. एपकॉटच्या नॉर्वे दालनात ‘मेलस्ट्रॉम’ नावाची राइड होती. होडी अंधारात चढायची, वायकिंगांचं गाव लागायचं, मग तीन तोंडांचा ट्रोल शाप देऊन होडीला उलटी मागे ढकलायचा, आणि शेवटी वादळी समुद्रात एक तेलविहीर दिसायची. पुराणातल्या राक्षसापासून आजच्या तेलापर्यंत सगळा देश जेमतेम पाच मिनिटांत. राइड ओबडधोबड होती, पण नॉर्वेची होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये ती बंद झाली आणि २१ जून २०१६ला त्याच पाण्यात, त्याच होड्यांमधून ‘फ्रोझन एव्हर आफ्टर’ सुरू झाली. पहिल्या दिवसापासून रांगा ओसंडून वाहिल्या.

‘फ्रोझन’ला नॉर्वेच्या डोंगरदऱ्यांची, लाकडी देवळांची पार्श्वभूमी आहे, म्हणून तो तिथे शोभतो, असं कंपनीचं म्हणणं. चाहत्यांचं उत्तर असं, की ‘फ्रोझन’मधलं अरेंडेल हे राज्य नकाशावर नाही. खऱ्या देशाच्या दालनात कल्पनेतला देश बसवला तर उरलेल्या दालनांना अर्थ काय? मला हा आक्षेप बिनतोड वाटतो. याच राइडने एक धडाही दिला. पात्रांचे चेहरे आतून प्रकाश टाकून दाखवले होते, त्यामुळे अंधारात ते मुखवट्यासारखे चमकत. हाँगकाँगला नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘फ्रोझन’चा अख्खा भाग उघडला तेव्हा तिथल्या बाहुल्यांना हलणारे, भाव दाखवणारे खरेखुरे चेहरे दिले गेले, आणि फरक पहिल्याच दृश्यात कळला. पुढे एपकॉटमधलेही चेहरे बदलण्याचं डिस्नेने जाहीर केलं. चाहते इतकी वर्षं जे सांगत होते, ते कंपनीने अशा रीतीने मान्यच केलं.

जागेशी न जुळणाऱ्या चित्रपटाचं आणखी ताजं उदाहरण ॲनिमल किंगडममध्ये सापडतं. २२ एप्रिल १९९८ला, वसुंधरा दिनी उघडलेलं हे पार्क माणूस आणि निसर्ग यांच्या नात्यावर उभं आहे. मधोमध ‘ट्री ऑफ लाइफ’, ज्याच्या खोडावर तीनशेहून अधिक प्राणी कोरले आहेत. त्याच्या मुळांखालच्या नाट्यगृहात सुरुवातीपासून ‘अ बग्ज लाइफ’वर आधारलेला खेळ चालायचा. तोही चित्रपटाचाच, गंमत म्हणजे चित्रपट यायच्या काही महिने आधी सुरू झालेला. पण कीटकांच्या नजरेने जग दाखवणारा, मुळांखालीच शोभणारा. २०२५ मध्ये तो गेला आणि नोव्हेंबरात तिथे ‘झूटोपिया’ आला. ‘झूटोपिया’तले प्राणी कपडे घालतात, नोकरी करतात, गाड्या चालवतात, आणि त्या जगात माणूस औषधालाही नाही. चित्रपट फार चांगला आहे. पूर्वग्रहांबद्दल तो जे सांगतो ते मुलांना कळेल अशा ताकदीने सांगतो. पण माणूस आणि प्राणी यांच्या नात्यावरच्या पार्काच्या ऐन गाभ्यात, माणूसच नसलेल्या शहराची गोष्ट बसवली, तर पार्काचा विषयच पुसट होतो.

तोच ‘झूटोपिया’ शांघायला पाहा. डिसेंबर २०२३ मध्ये शांघाय डिस्नेलँडमध्ये या चित्रपटाचं अख्खं शहर बांधलं गेलं. चीनमध्ये चित्रपट तुफान चालला होता, हे कारण होतंच. पण तिथे रस्ते, दुकानं, उंदरांपासून हत्तींपर्यंत सगळ्यांच्या मापाची दारं असं शहर आधी आलं आणि राइड त्याच्या पोटात. तुम्ही पोलिसात नव्याने भरती झालेले शिपाई. पळून गेलेल्या बेलवेदर या खलपात्राचा पाठलाग करायला चित्रपटातल्या जुडी आणि निक यांच्यासोबत निघायचं. चित्रपटातली कुठलीही घटना इथे पुन्हा घडत नाही. १९५५च्या त्या धीट कल्पनेत जे जमलं नव्हतं ते इथे जमलं: पात्रंही दिसतात आणि बसणाऱ्यालाही काम मिळतं. चित्रपटांच्या राइडवर एरवी तुटून पडणाऱ्या चाहत्यांनीही या भागाची तोंड भरून स्तुती केली.

चित्रपटाचं कथानक भराभर सांगून मोकळ्या होणाऱ्या राइडला चाहते शाळेतल्या गोषवाऱ्याची उपमा देतात. कॅलिफोर्नियात २०११ साली आलेली ‘लिटल मरमेड’ची राइड हा त्याचा नमुना. समुद्राखालच्या गाण्याचं दालन डोळे निववणारं आहे, पण खलनायिका अर्सुलाचा अंत, म्हणजे ज्यासाठी सगळा खटाटोप, तो कोपऱ्यात उरकला जातो. चित्रपट पाहिलेल्याला त्यात नवं काही नाही आणि न पाहिलेल्याला काही कळत नाही. याला एक सुंदर अपवाद टोकियो डिस्नेलँडमध्ये आहे. सप्टेंबर २०२०ची ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ची राइड कथा जवळजवळ क्रमानेच सांगते, पण तुम्ही बसता एका मोठ्या कपात आणि तो कप संगीताबरोबर डोलतो. मेजवानीच्या दालनात कप ठेका धरतात, शेवटच्या नृत्यात ते एकमेकांभोवती गिरक्या घेतात. चित्रपटात ज्या नृत्याकडे आपण बघतो, त्यात इथे आपण असतो. एवढ्या एका युक्तीने गोषवारा नाटकासारखा जिवंत झाला.

आता ‘स्प्लॅश माउंटन’. या विषयात सर्वांत जास्त कडवटपणा याच राइडने पाहिला आणि तिच्याबद्दल बोलताना बरेच जण मूळ गोष्ट विसरतात. १९८९ साली डिस्नेलँडमध्ये सुरू झालेली ही पाण्यातली राइड १९४६च्या ‘साँग ऑफ द साउथ’ या चित्रपटातल्या ॲनिमेशनच्या भागांवर बेतली होती. त्या चित्रपटात यादवी युद्धानंतरच्या जॉर्जियातल्या मळ्यावरचं आयुष्य असं गोडगुलाबी रंगवलं होतं, की प्रदर्शित झाला तेव्हाच कृष्णवर्णीयांच्या संघटनेने त्याचा निषेध केला. अमेरिकेत डिस्नेने हा चित्रपट घरी पाहण्यासाठी कधीच विक्रीला आणला नाही. म्हणजे जो चित्रपट दाखवायची कंपनीला लाज वाटते, त्याची पात्रं मात्र पार्कात रोज हजारोंना भेटत होती. जून २०२० मध्ये, अमेरिकेत वंशभेदाविरुद्ध रस्ते भरलेले असताना, ही राइड बदलून ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ची करण्याची घोषणा झाली. २००९च्या त्या चित्रपटातली टियाना ही डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या, न्यू ऑर्लीन्सची, स्वतःचं खानावळीचं स्वप्न कष्टाने पुरं करणारी. राइड वाचवा म्हणणारे आणि बदला म्हणणारे, दोघांनीही सह्यांच्या मोहिमा चालवल्या.

बदल व्हायलाच हवा होता. इथे माझ्या मनात किंतु नाही. पण बदल हवा होता असं मानणाऱ्यालाही नव्या राइडची चिकित्सा करता येते, आणि चांगल्या चाहत्यांनी ती केली. जुन्या राइडमध्ये शेवटच्या चढावर, होडी करकरत वर जात असताना, टोप्या घातलेली दोन गिधाडं वरून वाकून तुम्हाला टोमणे मारायची. ससा कोल्ह्याच्या तावडीत सापडलेला असायचा आणि पुढची सुमारे पन्नास फुटांची घसरण म्हणजे काटेरी झुडपात फेकलं जाणं. घसरणीला कारण होतं. जून २०२४ला फ्लोरिडात आणि नोव्हेंबरात कॅलिफोर्नियात उघडलेल्या ‘टियानाज बायू ॲडव्हेंचर’मध्ये मेजवानीसाठी वादक शोधायचे आहेत. चित्रपटातली जादूगारीण मामा ओडी तुम्हाला बेडकाएवढं लहान करते आणि मोठं करण्यासाठी खाली सोडते. बाहुल्या अप्रतिम आहेत. टियानाच्या हाताची, मानेची हालचाल पाहताना यंत्राचा विसर पडतो. संगीत न्यू ऑर्लीन्सचं, अस्सल. पण चित्रपटातला डॉक्टर फॅसिलिए, सावल्यांशी सौदा करणारा तो मांत्रिक, कुठेच नाही. धोकाच नसल्यामुळे पन्नास फूट खाली का जायचं हे कळत नाही. इतकं मोठं पाऊल उचलल्यावर कुणालाही न दुखावणारी गोष्ट निवडली गेली, आणि टियानासारख्या झुंजार मुलीच्या वाट्याला झुंजच आली नाही. टोकियोत मात्र जुनं ‘स्प्लॅश माउंटन’ अजून चालू आहे.

चित्रपटाने पार्काला वाचवल्याचंही ठसठशीत उदाहरण आहे, आणि मूळ कल्पनांचे कट्टर पुरस्कर्ते ते सहसा काढत नाहीत. २००१ साली डिस्नेलँडशेजारी ‘कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर’ उघडलं. त्यात चित्रपट फारसे नव्हते, जत्रेतल्या पाळण्यांसारख्या राइड आणि कॅलिफोर्नियाबद्दलची माहिती होती. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी कॅलिफोर्निया बघायला पैसे का द्यावेत? पार्क रोडावलं. एक अब्जाहून जास्त डॉलर खर्चून केलेल्या दुरुस्तीचा कळस म्हणजे जून २०१२ मध्ये उघडलेला ‘कार्स लँड’. पिक्सारच्या ‘कार्स’मधलं रेडिएटर स्प्रिंग्ज हे वाळवंटातलं विसरलं गेलेलं गाव, मागे लाल खडकांची भिंत. राइडमध्ये आधी संथपणे गावातून फेरी, टायर बदलणं किंवा रंग लावून घेणं, आणि मग शेजारच्या गाडीशी उघड्यावर शर्यत. सगळ्यात जपून ठेवण्यासारखा क्षण मात्र राइडच्या बाहेरचा. रोज सूर्य मावळला की रस्त्यावरचे निऑन दिवे गाण्याच्या तालावर एकामागून एक लागतात, चित्रपटात लागतात तसे, आणि चालणारी माणसं थांबून बघतात. रूट ६६वरच्या, महामार्गाने मागे टाकलेल्या गावांबद्दलची हळहळ या चित्रपटात आहे. ती त्या दिव्यांत उतरली. कॅलिफोर्नियाबद्दलच्या पार्कात तो रस्ता आपल्या घरीच आहे.

म्हणून याच ‘कार्स’चं फ्लोरिडात जे चाललंय त्याचा जास्त त्रास होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये डिस्नेने जाहीर केलं, की मॅजिक किंगडममधली ‘रिव्हर्स ऑफ अमेरिका’ ही नदी, तिच्यातलं टॉम सॉयरचं बेट आणि आगबोट काढून तिथे ‘कार्स’चा नवा भाग होणार. ‘पिस्टन पीक’ नावाचं डोंगराळ राष्ट्रीय उद्यान, त्यात गाड्यांची शर्यत. ६ जुलै २०२५ हा नदीचा शेवटचा दिवस ठरला. बोटीत बसणारे थोडे होते, बेटावर जाणारे त्याहून थोडे, हे खरं असेल. पण नदीचं काम केवळ बोट वाहून नेणं नव्हतं. पार्कातला सगळ्यात मोठा मोकळा श्वास तिथे होता. तिच्या काठाने चालताना एका काळातून दुसऱ्यात गेल्यासारखं वाटायचं. फ्लोरिडाच्या उन्हात मुलांना मोकळं सोडून बेटावरच्या सावलीत टेकता यायचं. कुठल्याही तक्त्यात तासाला किती माणसं बसली याची नोंद असते, किती जण नुसते कठड्याला रेलून उभे राहिले याची नसते. कंपनीकडे जमीन भरपूर आहे. नवं बांधायला पाडणं आवश्यक नव्हतं. त्याच घोषणेत खलपात्रांचा एक नवा भाग नदीपलीकडच्या मोकळ्या जागेत होणार असल्याचं सांगितलं गेलं, आणि त्याचं स्वागत जवळजवळ सगळ्यांनीच केलं. चाहत्यांना चित्रपट नको आहेत, हा समज यावरून तरी दूर व्हावा.

टोकियोने हे शहाणपण दाखवलं. टोकियो डिस्नेसी २००१चं, समुद्र आणि सागरी सफरी या विषयावरचं. अनेकांच्या मते जगातलं सर्वांत देखणं पार्क. जून २०२४ मध्ये तिथे ‘फँटसी स्प्रिंग्ज’ उघडलं, ३२० अब्ज येन खर्चून. एल्सा, रपुन्झेल, पीटर पॅन तिघेही आले. समुद्राशी त्यांचा संबंध काय, असं जपानी चाहत्यांनीही विचारलं. रपुन्झेलची होडी फार लवकर किनाऱ्याला लागते, ही तक्रार तर सार्वत्रिक आहे. तरी हे सगळं पार्काच्या हद्दीला जोडून नव्याने बांधलं. जुनं एकही बंदर त्यासाठी बुजवलं नाही.

जपानातलंच दुसरं उदाहरण पार निराळं आहे. नागोयाजवळ नागाकुते इथे नोव्हेंबर २०२२ मध्ये जिब्ली पार्क सुरू झालं. जिब्ली या ॲनिमेशन स्टुडिओच्या चित्रपटांवरचं पार्क म्हटल्यावर टोटोरोच्या बसमधून अंधाऱ्या बोगद्यात नेणारी राइड कुणीही गृहीत धरली असती. तशी काहीच नाही. २००५च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं, ‘माय नेबर टोटोरो’तल्या सात्सुकी आणि मेईचं घर तिथे झाडीत उभं आहे. आत जाऊन कपाटं उघडता येतात, खण ओढता येतात. आत त्या काळातल्या वस्तू असतात. मुलं तिथे रमतात. चित्रपटातून पात्र उचलण्याऐवजी घर उचलायचं, हा निर्णय दिग्दर्शक गोरो मियाझाकी यांचा, आणि या सगळ्या वादात मला तो सर्वांत दूरदृष्टीचा वाटतो. पात्र जुनं होतं, त्याचा पुढचा भाग पडतो, मुलांना नवं कुणी आवडू लागतं. घराला असं होत नाही.

पात्रं किती पटकन जुनी होतात, हे ऑर्लँडोच्या युनिव्हर्सल स्टुडिओतल्या एका इमारतीत दिसतं. १९९०ला पार्क उघडलं तेव्हा तिथे हॅना-बार्बेराच्या कार्टूनांची राइड होती. २००३ साली तिथे जिमी न्यूट्रॉन आला, २०१२ साली मिनियन. इमारत तीच, खुर्च्यांची करामत साधारण तीच. पडद्यावरचं जग बदललं. या बदलांवर फारसं कुणी रडलं नाही, कारण त्या जागेला स्वतःचं असं काही नव्हतंच. याच युनिव्हर्सलने मे २०२५ मध्ये ‘एपिक युनिव्हर्स’ उघडलं, आणि त्यातलं ‘हाउ टू ट्रेन युवर ड्रॅगन’मधलं बर्क बेट सर्वांना आवडलं. खडक, वायकिंग घरं, पाण्यावरून झेपावणारी रोलर कोस्टर, आणि लोकांमध्ये मिसळणारे ड्रॅगन. मोकळ्या जमिनीवर, बेट म्हणूनच कल्पिलेलं.

आपल्याकडे हा वाद अजून पोचलेला नाही, कारण पार्कच मोजकी. खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिकात ‘मिस्टर इंडिया’वरची राइड आहे, आणि नर्मदेच्या खोऱ्यात ज्याचे अवशेष सापडले त्या राजासॉरस या डायनोसॉरवर पाण्यातली राइडही आहे. ती दुसरी कल्पना मला फार मोलाची वाटते. आपल्याच मातीतला प्राणी, कुणाच्या चित्रपटाची उसनवारी नाही.

चाहत्यांचा आवाज प्रत्यक्षात कितपत चालतो? कधी कधी चालतो. एपकॉटमधून फिगमेंट नावाच्या जांभळ्या ड्रॅगनला जवळजवळ हद्दपार केलं होतं. ओरड झाल्यावर २००२ साली त्याला परत आणावं लागलं. मॅजिक किंगडमच्या ‘टिकी रूम’ या गाणाऱ्या पक्ष्यांच्या खेळात १९९८ साली ‘अलादिन’चा इयागो आणि ‘लायन किंग’चा झाझू या दोन पक्ष्यांना नवे मालक म्हणून घुसवलं होतं, आणि ते जुन्या गाण्याची टिंगल करायचे. चाहत्यांना हा खेळ कधीच रुचला नाही. जानेवारी २०११ मध्ये तिथे आग लागली, आणि दुरुस्तीनंतर जुनाच खेळ परत आला. कारागीरही जुन्याची आठवण ठेवतात. टोडच्या जागी आलेल्या पूच्या राइडमध्ये एका भिंतीवर टोड घुबडाला घराची कागदपत्रं देतानाचं चित्र आहे. कॅलिफोर्नियात गाणाऱ्या अस्वलांच्या नाट्यगृहात पू आला, तिथे गाडी पुढे गेल्यावर मान वळवून मागे पाहिलं तर जुन्या खेळातली प्राण्यांची तीन डोकी अजून भिंतीवर टांगलेली दिसतात. ज्यांनी बदल केला त्यांनाही आपण काय काढतोय याची जाण होती.

पुढची कसोटी ॲनिमल किंगडममध्येच लागणार आहे. तिथला डायनोसॉरचा भाग जाऊन मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशाचा भाग होतोय, २०२७ मध्ये उघडणार असं जाहीर झालंय, आणि त्यात ‘एन्कान्तो’ची राइड आहे. कोलंबियातलं माद्रिगाल कुटुंबाचं घर, ज्याच्या फरश्या आणि खिडक्या बोलल्याशिवाय राहत नाहीत. कंपनीने सांगितलेला बेत असा: त्या कुटुंबातल्या अंतोनियोला प्राण्यांशी बोलण्याचं वरदान नुकतंच मिळालंय, त्याची खोली जंगल झालीय, आणि तुम्ही त्या घरात शिरताय. खरा देश, खरं जंगल, प्राण्यांचं ऐकू शकणारा मुलगा, आणि मुख्य म्हणजे एक घर. ‘झूटोपिया’ जिथे बसत नाही तिथे हा चित्रपट बसू शकतो. घराला बोलू दिलं आणि चित्रपटातल्या ब्रूनोच्या गाण्यावर भागवून वेळ मारून नेली नाही, तर इथल्याच ‘एक्सपिडिशन एव्हरेस्ट’नंतर या पार्काच्या विषयाला धरून बांधलेली ती एक मोठी राइड ठरेल. डायनोसॉरच्या भागासाठी हळहळणारे चाहतेही तिच्या रांगेत उभे राहतील, याची मला खात्री आहे.